एक्स्चेंजबाई

एक्स्चेंजबाईंनी पुण्यात वारज्या-कोथरूडातल्या कितीतरी घरांत इंटरनेट जोडून दिलं, पण कुणाच्याही कीबोर्डला त्यांनी बोट लावलेलं मी पाहिलं नाही आणि ऐकलंही नाही. दारात चपला काढता काढता त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "या घरात दिवसभर कोण असतं?" जे कोण असेल त्याला खुर्चीत बसवायचं आणि आपण शेजारी स्टूल ओढून घ्यायचं. "मी फक्त सांगणार. बोटं तुमची." एवढं बजावून दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसायच्या, फोटो काढून घ्यायला बसल्यासारख्या. त्या घरातली बाई घाबरून चुकीचं बटन दाबायची, पान नाहीसं व्हायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची. बाईंचे हात मांडीवरून हलायचे नाहीत.

तेव्हा ब्रॉडबँड नुकतं घराघरांत पोचत होतं. कंपनीचा मुलगा यायचा, दारातच विचारायचा, "साहेब आहेत का?" साहेब हिंजवडीच्या ऑफिसात गेलेले असायचे. मग तो पाच मिनिटांत टकटक करून, लुकलुकणारे दिवे दाखवून निघून जायचा. पुढे नेट बंद पडलं की घरातली बाई त्या दिव्यांकडे बघत बसायची आणि संध्याकाळी साहेब येण्याची वाट पाहायची. अशा घरांमध्ये तोंडोतोंडी बाईंचं नाव पसरलं होतं. खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. टेलिफोन खात्याच्या एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडून देणाऱ्या ट्रंक ऑपरेटर होत्या म्हणून एक्स्चेंजबाई, तेच सगळ्यांना पुरायचं.

ट्रंक कॉल संपले, बोर्ड निघाले, त्या जागी कॉम्प्युटर आले. बाईंना ते शिकायचं होतं. पण त्यांनी हात पुढे केला की एक तरुण अधिकारी म्हणायचा, "राहू द्या मॅडम, मी करतो." बाई सांगायच्या, "माणूस वाईट नव्हता हो. पण त्याच्या त्या पाच शब्दांनी मला निवृत्तीपर्यंत नुसतं बसवून ठेवलं." शेवटी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कोथरूडच्या एका नेटवर्किंगच्या क्लासला नाव घातलं. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "मुलाला सोडायला आलात का?" बाई म्हणाल्या, "नाही, मुलगा मला सोडून गेला," आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरी मी एकदा गेले होते. काचेच्या कपाटात बुद्धाच्या मूर्तीशेजारी ऑपरेटरचा जुना हेडफोन स्वच्छ पुसून ठेवलेला होता. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी त्या हेडफोनने दिली होती.

माझ्या घरी त्या आल्या तेव्हा माझं सगळं टांगणीला लागलेलं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं, असं माझं काम होतं. बाळ झाल्यावर ऑफिसला जाणं शक्य नव्हतं. घरी सासूबाई नव्हत्या, सासरे अण्णा एकटेच, आणि नवरा महेश सकाळी आठला हिंजवडीची बस पकडायचा. ऑफिसने मोठे उपकार केल्यासारखी घरून काम करायची परवानगी दिली होती. अट एकच, रोज चारच्या आत फाईल गेली पाहिजे. महिनाभर बघू, म्हणाले होते. नोकरी माझ्या दृष्टीने पगारापेक्षा मोठी होती. दिवसातले ते पाच तास मी कुणाची तरी आई, सून, बायको नसून नुसती मी असायचे, आणि ते तास मला हातचे जाऊ द्यायचे नव्हते.

बाईंनी मला राऊटर समजावला तो त्यांच्याच भाषेत. "राऊटर म्हणजे आमच्या बोर्डावरची बाई. बाहेरून लाइन एकच, घरात एक्स्टेन्शन चार. कुणाचं बोलणं कुणाला जोडायचं ते हिच्या लक्षात." मग राऊटरचा पत्ता टाइप करायला लावला, एकेक आकडा सुटा सांगत, "एक, नऊ, दोन, टिंब, एक, सहा, आठ, टिंब, एक, टिंब, एक." म्हटलं, एकशे ब्याण्णव म्हणा की सरळ. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ब्याण्णव ऐकलं की मराठी माणसाचं बोट आधी दोनावर जातं. ट्रंक कॉल मुंबईऐवजी मद्रासला लागायचे आमचे." एका चौकटीत शून्य आणि दुसरीत पस्तीस, म्हणजे तीन-पाच, भरायला लावलं. याचा अर्थ काय विचारलं तर म्हणाल्या, "अर्थ मलाही येत नाही. पण ते बदललंत तर नेट येत नाही, हे येतं." सगळं मी माझ्या अक्षरात वहीत उतरवून घ्यायचं, ही त्यांची आणखी एक सक्ती होती.

पासवर्डची वेळ आली की बाई उठून गॅलरीत जायच्या आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. बाळाचं नाव घालू नका, एवढं मात्र जाता जाता बजावायच्या. मी म्हटलं, "तुमच्यापासून काय लपवायचं?" तर म्हणाल्या, "ट्रंक बोर्डावर कोणाचं लग्न मोडलं, कोण कुठे मेलं, सगळं कानावर पडायचं. घरी यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. आता या वयात सवय बिघडवू नका."

पहिले चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी दुपारी नेट गेलं आणि चार वाजून गेल्यावर आपसूक आलं. फाईल चुकली. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. सकाळी अकराला कंपनीचा मुलगा आला तर सगळे दिवे हिरवेगार. तो म्हणाला, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम असेल." ऑफिसातल्या सुपरवायझर बाईंचा फोन आला. आणखी एकदा फाईल चुकली तर घरचं काम बंद, ऑफिसला यायला जमत नसेल तर राजीनामा पाठवा. फोन ठेवला आणि मी बाळाला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातच बसून रडले.

एक्स्चेंजबाईंना कळवलं तर त्या माझ्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम दुपारी दोनला हजर झाल्या. नेट गेलेलंच होतं. त्यांनी राऊटरकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्समधून मोबाईल काढला आणि आमच्याच घरचा नंबर लावला. हॉलमधला फोन वाजलाच नाही. मोबाईल माझ्या कानाला लावून म्हणाल्या, "एंगेज. कोण बोलतंय?" कुणीच नाही, मी म्हटलं. अण्णा आत झोपलेत. "त्यांच्या खोलीत फोन आहे?" आहे, याच लाइनवरचा दुसरा. बाई पहिल्यांदा हसल्या. "अहो, वीस वर्षं बोर्डावर काढली. दुपारी पुण्यातले फोन का लागत नाहीत, हे मला विचारा की."

अण्णा हल्ली मधूनमधून जेवून आडवे होताना उशाशी असलेल्या फोनचा रिसिव्हर काढून ठेवत होते. नेट आणि फोन एकाच तारेतून येतात, त्यांना वेगळं ठेवणारी डबी फक्त हॉलमधल्या फोनला बसवलेली होती, आणि आतला रिसिव्हर उचलला की नेट पडत होतं. मी तरातरा निघाले होते त्यांच्या खोलीकडे. बाईंनी माझा दंड धरला. "झोपलेल्या माणसाला उठवून चूक सांगायची नाही. चहा टाका, आपण थांबू." चारला अण्णा उठून आले. बाईंनी सगळं नीट सांगितल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मी तर बाळाची झोप मोडू नये म्हणून काढून ठेवत होतो. मला काय ठाऊक, हिची नोकरी माझ्या उशाशी होती!" बाई म्हणाल्या, "अण्णा, रिसिव्हर काढून ठेवायचा आपला हक्क शाबूत आहे," आणि पर्समधली तसलीच दुसरी डबी त्यांच्या हातावर ठेवली. लावा, म्हणाल्या. अण्णांनीच ती लावली. त्या दिवसापासून अण्णा राऊटरजवळून जाताना त्याच्याकडे एक नजर टाकून जायचे.

एक्स्चेंजबाई पुढे नागपूरला मुलाकडे गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारल्या. आज घरून काम करणाऱ्या पंधराजणींचं काम माझ्याकडे असतं. एखादीचं काही अडलं की तिच्या जागी बसून मिनिटभरात उरकावं असं मनात येतं, आणि मग मी माझेच हात मांडीवर ठेवते. पण बाईंची आठवण येते ती त्या नागपूरला जायच्या आधी आमच्याकडे निरोप घ्यायला आल्या त्या दिवसाची.

ऑफिसने मला दिलेल्या महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. सकाळचे साडेअकरा. चहा झाला, बाळाच्या हातावर खाऊ ठेवून झाला. बाईंनी सहज विचारलं, "आता मी नसताना हे बंद पडलं तर काय कराल?" मीही सहज बोलून गेले, "कंपनीच्या मुलाला बोलावीन." बाई उठल्या, अंबाड्यातली पिन काढली, राऊटर उलटा केला आणि मागच्या बारक्या भोकात पिन घालून दाबून धरली. सगळे दिवे विझले. आम्ही भरलेलं सगळं पुसलं गेलं. "चारला फाईल जायची ना?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि त्या जिना उतरून गेल्या.

मला त्यांचा इतका राग आला की मी मोठ्याने बोलले, "ही काय थट्टेची वेळ आहे?" बाळ रडायला लागलं होतं. अण्णांनी बाळाला काखोटीला मारलं, माझी वही उचलली आणि म्हणाले, "तू बस. मी वाचतो." अण्णा कोर्टात खटल्यांचा पुकारा करायचे. त्याच आवाजात त्यांनी वही वाचायला घेतली, बाळ दचकून रडायचं थांबलं. पत्ता लागला, पान उघडलं, नाव भरलं, कंपनीने दिलेला पासवर्ड भरला. दिवा काही हिरवा होईना. तीनदा पहिल्यापासून केलं. एक वाजला, दोन वाजले. दुपारची झोप अण्णांना आठवलीसुद्धा नाही. चौथ्यांदा अण्णा खड्या आवाजात म्हणाले, "पस्तीस!" आणि मी माझ्या बोटाकडे पाहिलं. ते आधी पाचावर गेलं होतं. तीन वेळा मी त्रेपन्न भरत आले होते.

तीन, पाच. दिवा हिरवा झाला. सव्वातीनला फाईल गेली. मी आणि अण्णा एकमेकांकडे बघून हसत सुटलो, इतके की बाळही हसायला लागलं. मग अण्णा म्हणाले, "आता खाली जाऊन बाईंना सांग."

"बाई तर गेल्या केव्हाच."

"कुठल्या जातायत! साडेअकरापासून पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीवर बसल्यात. गॅलरीतून दिसत होत्या मला."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू हाक मारली असतीस."

मी अनवाणीच खाली धावले. हेल्मेट मांडीवर घेऊन बाई बसल्या होत्या. समोरच्या दुकानातून आणलेला केळ्याच्या वेफर्सचा पुडा अर्धा संपला होता.

"गेली फाईल?"

"गेली."

"अडलं कुठे?"

"पस्तीसला."

त्यांनी मान डोलावली. मी पाया पडायला वाकले तर खांद्याला धरून त्यांनी मला उभं केलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. कसंबसं विचारलं, "तुम्ही गेला नाहीत?"

"कशी जाणार?" हेल्मेटचा पट्टा लावत बाई म्हणाल्या. "स्कूटीच चालू होत नव्हती."

मग त्या स्कूटीवर बसल्या, किल्ली फिरवली, बटन दाबलं, आणि स्कूटी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. माझ्याकडे न बघता त्या गेटातून बाहेर पडल्या.