लोरनाची खुशाली

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी आमच्या आतोबांनी एकट्यानं करून ठेवली होती, आणि उरलेली निम्मी बाकीच्यांकडून नीट होत नाही याचीही काळजी तेच करत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. पत्र्यावर कुठं केसाएवढी चीर पडलीय का, ते भिंगातून बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होताना भिंग कारखान्यात जमा केलं, नजर मात्र घरी घेऊन आले. झोपाळ्याची कडी, रिक्षाचं चाक, लग्नाचा मांडव, समोर येईल त्यात त्यांना चीर दिसायची. माझ्यासाठी मुलगी बघून आलो तेव्हा घरात सगळे खूश, आणि हे गृहस्थ बशीत चहा ओतत म्हणाले, "स्थळ उत्तम आहे. पण कुठंतरी बारीक चीर असणार." हे माझ्या बायकोच्या कानावर कुणी घातलं देव जाणे, पण तिनं त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही आणि चहात साखर कधी पुरेशी घातली नाही.

असा माणूस कुणाला काही उसनं देईल, ही आशाच नको. कंजूष म्हणाल तर तसे अजिबात नव्हते. वस्तू घराबाहेर गेली की त्यांचा जीव तिच्यामागं जायचा, आणि जिवामागोमाग आतोबा जायचे. शेजारच्या मास्तरांनी एकदा भर पावसात छत्री मागितली. आतोबांनी ती लगेच दिली आणि स्वतः डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन मास्तरांबरोबर रविवार कारंजापर्यंत चालत गेले, कारण त्या छत्रीची एक काडी जरा हट्टी होती, वाऱ्यानं उलटली तर मास्तरांच्या डोळ्यात जाईल. मास्तर कोरडे ठणठणीत परत आले आणि आतोबा आठवडाभर तापानं अंथरुणावर. कुणाला शिडी दिली तर त्या घराचा दिवाळीचा रंग पुरा होईपर्यंत हे खाली शिडी धरून उभे. शेवटी गल्लीनं मागणंच सोडलं. शिडी हवी असेल तर लोक भाड्यानं आणत. आतोबांच्या शिडीबरोबर आतोबा येतात, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

आणि याच माणसानं उतारवयात एका परक्या देशातल्या बाईला कर्ज दिलं. मी साक्षीला होतो म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. त्या काळात नाशिकला अशोक स्तंभाजवळ माझा सायबर कॅफे होता. आतोबांची मुलगी शुभा अमेरिकेत. तिनं वडिलांच्या वाढदिवसाला स्वेटर पाठवायचं सोडून एका वेबसाइटवर त्यांच्या नावानं पंचवीस डॉलर भरले. देशोदेशीच्या छोट्या धंदेवाल्यांचे फोटो तिथं असायचे. त्यातला एक माणूस आपण निवडायचा, मग आपले पंचवीस आणि आणखी कुणाकुणाचे पंचवीस-पंचवीस मिळून त्याला कर्ज जायचं, आणि ते हप्त्याहप्त्यानं आपल्या खात्यात परत यायचं. व्याज एक पैसा नाही. पैसे दिल्याचं समाधान, एवढीच काय ती कमाई. हे ऐकून आत्या म्हणाली, "पोरीनं बापाला विकतचं दुखणं पाठवलं."

माणूस निवडायलाच आतोबांनी तीन आठवडे घेतले. रोज दुपारी येऊन माझं पंख्याखालचं यंत्र अडवून बसायचे, पैसे अर्थातच नाहीत. मधमाश्या पाळणारा एक जण आवडला होता, पण चावल्या तर? मोटारसायकलवर सवाऱ्या नेणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. एका भटारखानेवाल्याच्या भट्टीमागची भिंत त्यांना काळी दिसली. मला तर वाटायला लागलं होतं की जगातला गरिबातला गरीब माणूसही यांच्या तपासणीतून पास व्हायचा नाही. आणि मग एक दिवस लोरना सापडली. फिलिपिन्समधल्या कुठल्याशा गावात नदीकाठी घर, घराच्या ओसरीवरच किराणा. साबण, मीठ, तांदूळ, आणि वर दोरीला शांपूच्या पुड्यांच्या माळा, अगदी पंचवटीतल्या दुकानासारख्या. तिला तांदळाची पोती घ्यायला कर्ज हवं होतं. आतोबांनी खिशातून घरचं भिंग काढलं आणि पडद्यावर धरून त्या बाईचा चेहरा कितीतरी वेळ बघितला. "चीर दिसत नाही," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसापासून माझ्या कॅफेत लोरनाचं घरच वसलं म्हणा. हप्त्याची तारीख आली की आतोबा त्या दिवशी मुद्दाम यायचे नाहीत. का, तर आपण टपून बसलोय असं तिला वाटायला नको. मी परोपरीनं समजावलं की अहो, आपण बघतो ते तिला दिसत नाही. ते म्हणाले, दिसत नसेल, पण जाणवतं. तिला पैसे देणारे बाकीचे लोक तिच्यामागं तगादा तर लावणार नाहीत ना, याचाही त्यांना घोर होता. त्यांचेही फोटो तिथं असायचे, त्यातल्या एका टक्कल पडलेल्या कॅनडावाल्याचा चेहरा त्यांना जरा वसुलीवाल्याचा वाटायचा. आत्या टोमणे मारायची, गल्लीत वाटीभर साखर देताना यांचा हात कापतो आणि तिकडं समुद्रापलीकडं सावकारी चाललीय. एकदा तिनं माझ्यासमोरच त्यांना सरळ विचारलं, असं का म्हणून. आतोबा थोडे लाजले.

"इथं दिलं की मागं जावं लागतं," ते म्हणाले. "तिच्या मागं मला जाताच येत नाही. म्हणून देता आलं."

हप्ता दोन डॉलर आणि वर चिल्लर असा यायचा. आला की आतोबा रकमेकडं बघायचेसुद्धा नाहीत. बाई सुखरूप आहे, दुकान उघडं आहे, पोरं जेवताहेत, एवढं त्यांना त्यातून कळायचं. सावकार वसुलीची वाट बघतो, हे खुशालीच्या पत्राची वाट बघत.

मग तो पावसाळा आला. पेपरात आतल्या पानावर दोन ओळी होत्या, फिलिपिन्सला वादळ झाल्याच्या. बाकी नाशिकनं त्या वाचल्याही नसतील. आतोबा कात्रण घेऊन सकाळीच कॅफेच्या बंद शटरपाशी उभे. गावाचं नाव त्यात नव्हतं. त्या महिन्यात हप्ता आला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मी म्हणालो, उशीर होतो कधीकधी, वेबसाइटवर लिहिलेलं आहे तसं. ते नुसते मान हलवायचे. त्यांचं जेवण सुटलं. आत्याचे टोमणे थांबले, ती मला फोन करून हळूच विचारायला लागली, "आलं का रे तिचं काही?" शुभा म्हणाली, बाबा, मी ते पैसे भरून टाकते, विषय संपवा. त्यावर आतोबा तिच्यावर चक्क ओरडले. पैसे कोण मागतंय?

त्याच दिवसांत आमच्या गंगेलाही, म्हणजे गोदावरीला, पूर आला. नाशिकला पूर आला की पाणी किती फूट चढलं ते कुणी विचारत नाही. नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, तेवढंच विचारतात. पायाला लागलं तर चहा प्या, गुडघ्याला लागलं तर भांडीबाजारातला माल वर चढवा, कमरेच्या वर गेलं तर देवाचं नाव घ्या. त्या दिवशी कमरेला लागलं होतं. रात्री शुभाचा अमेरिकेतून फोन, पहिला प्रश्न तोच. आतोबांनी तिला सांगितलं, कमरेला, पण उतरतंय, आपल्याकडं सगळं ठीक. फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले. मी शेजारीच होतो.

"आपलं बरं आहे रे," ते म्हणाले. "मारुती आहे. तिच्या गावात पाणी कुठपर्यंत आलं, हे मी कुणाला विचारू?"

त्यांची चेष्टा करण्यात माझा जन्म गेला, पण त्या रात्री केली नाही. त्या बाईला मीही रोज दुपारी बघत होतोच की.

गणपती बसले त्या आठवड्यात एकदाचा हप्ता आला. नेहमीपेक्षा निम्मा, डॉलरभर. आतोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "आहे. बाई आहे." मग कॅफेत बसलेल्या सगळ्यांना त्यांनी पेढे वाटले. कॉलेजची पोरं विचारायला लागली, काका, नात झाली का? आतोबा हो म्हणाले.

पुढं ती नेमानं फेडत गेली. आणि एक दिवस, सगळं फिटलं. पडद्यावर तसं लिहून आलं, अभिनंदनही केलेलं होतं. मला वाटलं आता पेढ्यांचा दुसरा डबा येणार. मी आपला उत्साहानं सांगत होतो की बघा, पै न पै परत आली, आता दुसऱ्या कुणाला देता येईल. आतोबांचा चेहरा मात्र उतरला होता. तिनं पुन्हा कर्ज मागितलंय का, ते त्यांनी मला तीनदा शोधायला लावलं. नव्हतं मागितलं. तिला गरजच उरली नव्हती.

"चांगलंच झालं," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "पण आता तिकडं पाऊस झाला, तर कळायचं कसं?"

मी कॅफे बंद केला आणि त्यांना स्कूटरवर बसवलं. घरी सोडणार होतो, पण बाहेर भुरभुर पाऊस होता आणि ते म्हणाले, जरा गंगेवरून घे. रामकुंडाच्या अलीकडं मी स्कूटर थांबवली. आतोबा छत्री न उघडताच काठापर्यंत गेले आणि मारुतीकडं बघत उभे राहिले. पाणी त्याच्या पायालासुद्धा लागलेलं नव्हतं. बराच वेळ बघून झाल्यावर ते परत आले, मागच्या सीटवर बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इथलं ठीक आहे," ते म्हणाले. "चल."