ठेच्याचं चार वेळचं जेवण

सोनाळ्याच्या इंद्रभान तायडेला कुणी विचारलं, की बुवा, तुला येतं तरी काय, तर तो शेती सांगायचा नाही की बैलाची पारख सांगायचा नाही. "कुत्रं घडवतो," म्हणायचा, आणि म्हणताना मिशीवरून हात फिरवायचा. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. मक्यानं कणीस धरलं की रानडुकरांचा कळप उतरतो आणि वावर उलथंपालथं करून जातो. त्यामुळे राखणीच्या कुत्र्याला तिथं घरच्या माणसासारखा भाव. आणि इंद्रभानच्या हाताखालून गेलेलं कुत्रं म्हणजे निव्वळ आग, अशी त्याची ख्याती होती. पोस्टमन त्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नसे, रस्त्यावरूनच हाका मारी. इंद्रभानला त्याचाही अभिमान.

त्याची रीत ठरलेली होती. पिल्लू आईपासून सुटलं की दिवसातून एकदाच खायला घालायचं, तेही दिवेलागणीला. ज्वारीची भाकरी कुस्करायची आणि तिच्यात हिरव्या मिरचीचा ठेचा कालवायचा. "तिखटानं रगत तापते न भुकेनं कान उभे राह्यतात," असं तो छातीठोकपणे सांगे. दिवसभर पिल्लू रिकाम्या पोटी. दुपारी इंद्रभान डाव्या हाताला गोणपाट गुंडाळून त्याच्यासमोर बसे, नाकावर टिचकी मारी, कान ओढी, आणि "छू बे, छू!" करून त्याला हातावर सोडी. पिल्लाचे सुईसारखे दात गोणपाटात रुतले की ओट्यावरची चार माणसं वाहवा करत. हे असंच त्याच्या बापानं केलं होतं, आज्यानं केलं होतं. शहाणपण आपल्याकडे वाडवडिलांकडून येतं हे खरं, पण मूर्खपणाही त्याच वाटेनं येतो, हे इंद्रभानच्या गावीही नव्हतं.

यंदाचं पिल्लू तांबूस रंगाचं होतं. कान मोठे, पोट खपाटीला. नाव ठेवलं ठेचा. जे खाऊ घालायचं तेच नाव.

आणि नेमकी याच वर्षी महामाया माहेरी आली.

महामाया ही इंद्रभान आणि जयमालाची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. जावई प्रसेनजित बुलढाण्याला शाळेत मास्तर. तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, माय-लेकी सुखरूप घरी आल्या, आणि इंद्रभान पार वेडा झाला. ज्या माणसानं स्वतःची लेक कधी मांडीवर घेतली नव्हती, तो नातीच्या पाळण्याची दोरी सोडायला तयार होईना. वावरात गेला तरी चुळबुळत लवकर परत येई. सव्वा महिना ही एवढीशी पोर आपल्या छपराखाली राहणार, या एका गोष्टीपुढे त्याला मकाही दिसत नव्हता.

दिसत नव्हतं ते आणखी एक होतं. ठेचा आता सगळ्यांनाच धरू लागला होता. जयमालाचं लुगडं, पाहुण्यांच्या चपला, शेळीचं शेपूट, जे हलेल त्यावर झडप. इंद्रभान म्हणे, "तयार होऊन राह्यलं."

एका सकाळी महामाया अंगणातल्या दोरीवर बाळाची लंगोटं वाळत घालत होती. ठेच्यानं गळ्यातला दोर तोडला आणि थेट तिच्या हातातल्या हलत्या कापडावर उडी घेतली. कापड निसटलं, हात सापडला. ओट्यावर बसलेला इंद्रभान ते पाहून आधी हसला. अगदी मोकळेपणानं, मांडीवर थाप मारून. "वा रे वाघा, कसं धरलं पाह्य!" मग महामाया किंचाळली, आणि पांढऱ्या लंगोटावर रक्त पडलेलं त्याला दिसलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तो ओट्यावरून उडी टाकून धावला.

पिल्लाचा का असेना, दात लागून रक्त आलं म्हणजे इंजेक्शनं घ्यावी लागतात, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं. ओल्या बाळंतिणीला दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी प्रसेनजित आला. मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हे तो. बायकोच्या हातावरची पट्टी पाहिली, पाळण्यात डोकावला आणि सासऱ्यापुढे उभा राहिला.

"मामा, पौर्णिमेले येतो मी. तोवर घरातलं हे चावाचावीचं थांबलं तं ठीक. नाही तं दोघीयले घेऊन जातो. मंग मले थांबवू नका."

जावयानं सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उचलून न्यायची? गाव काय म्हणेल, हे नंतरचं. पाळणा रिकामा होईल, हे इंद्रभानला सोसवणारं नव्हतं.

जावयाची पाठ वळताच त्यानं एक पोतं घेतलं आणि ठेच्याला त्यात कोंबू लागला. जयमाला चुलीपुढून धावत आली.

"कुठं नेता वो त्याले?"

"जंगलाच्या कडेले सोडून येतो."

"बिबट्याच्या तोंडी? काऊन? त्यानं काय केलं?"

"पोरीले चावलं न!"

"तुमीच शिकवलं न चावाले!" जयमालानं पोतं हिसकावून घेतलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या हातातून काही हिसकावल्याची ही पहिली वेळ, आणि इंद्रभान रिकाम्या हाताकडे बघतच राहिला. "ते दातावर आलेलं पोट्टं हाये. तुमची महामाया दातावर आली तवा अंगावर पेता पेता मले कशी चावे, ठाव हाये? रगत काढे. मंग म्या तिले उपाशी ठेवलं का? मिरची चाटवली?"

"मंग काय केलं?"

"'आय गं' म्हणून ओरडो न अंगावरून बाजूले करो. तोंड फिरवून घेवो. मारलं नाही न हासली बी नाही. दोन-चार डाव असं झाल्यावर समजली ते."

"माणसाची पोट्टी न कुत्र्याचं पिल्लू एकच काय व?"

"दात दोघायलेही येतात," जयमाला म्हणाली आणि पिल्लू काखेत मारून आत गेली.

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं ते पाहून इंद्रभानच्या डोक्याला मुंग्या आल्या. बाळंतिणीला जयमाला चार वेळा खायला द्यायची. सकाळी, सूर्य वर आल्यावर, दुपार उतरताना आणि दिवेलागणीला. आता महामायेचं ताट आत गेलं की पाठोपाठ ठेच्याची अ‍ॅल्युमिनियमची वाटी भरू लागली. लाडू-शिरा नाही, पण वरणाच्या पाण्यात भिजवलेली मऊ भाकरी, कधी ताक, कधी उकडलेलं अंडं. थोडंथोडं, पण वेळ चुकायची नाही. मिरचीचं नावसुद्धा नाही.

"कुत्र्याले बाळंतीण केलं व तू!" इंद्रभान कपाळावर हात मारून म्हणाला.

"हाव, केलं," ती म्हणाली.

पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. उलट ठेचा जास्तच माजला. पोट भरल्यावर अंगात रग आली आणि जयमालाच्या टाचा रक्ताळल्या. पण ती हटली नाही. दात लागला की जोरात "आय गं!" म्हणायची, त्याच्याकडे पाठ करायची आणि घरात जाऊन दार लोटून घ्यायची. ठेचा दारापुढे गोंधळून उभा राही. खेळ एकाएकी कुठं गेला, हे त्याला कळेना. जरा वेळानं ती बाहेर येई आणि पाण्यात भिजवलेल्या, बैलाच्या जुन्या कासऱ्याची गाठ त्याच्यापुढे टाकी. मग तो ती गाठ घेऊन गोठ्याच्या सावलीत चघळत पडे. हळूहळू त्याचं तोंड हलकं झालं. दात लावायचा, पण दाबायचा नाही. मग दातही लावेना. एके दिवशी महामायेनं खिडकीतून हात बाहेर काढला, तर त्यानं तो नुसता हुंगला. जयमालानं त्याच दिवशी जावयाला फोन करून सांगितलं, की बाप्पा, पिल्लू सुधरलं, आता काळजी नाही.

घरातल्या बायांचे चेहरे खुलले, इंद्रभानला मात्र बाहेर बसणं नको झालं. कारण ओट्यावरची चार माणसं. शेजारचा कचरू तर रोज यायचा.

"काय इंद्रभान, कुत्र्याचं बारसं कवा हाये?"

दुसऱ्या दिवशी, "आता याच्या राखणीले एक दुसरं कुत्रं ठेव बे. हे तं डुकराजवळ जाऊन दूध मांगीन."

सगळे खदाखदा हसले. इंद्रभानही हसला, पण रात्रभर त्याला ते बोलणं टोचत राहिलं. जन्मभर एकच गोष्ट आली, तीही बायकोनं वरणाच्या पाण्यात बुडवली, असं त्याला वाटू लागलं. नात घरात राहावी, हे त्याला हवंच होतं. पण आपलं नावही राहावं, हेही हवं होतं.

पौर्णिमा उजाडली. जयमाला खिरीसाठी तांदूळ निवडत होती. आत महामाया बाळाला तेल लावत होती. इंद्रभानला एवढंच पाहायचं होतं, की पिल्लात धमक शिल्लक आहे की नाही. एकदाच. कुणाला कळायच्या आत. त्यानं डाव्या हाताला गोणपाट गुंडाळलं आणि अंगणात उकिडवा बसला.

"छू बे!"

ठेचा शेपूट हलवत आला आणि समोर बसला. इंद्रभाननं नाकावर टिचकी मारली. तो मागं सरकला. कान ओढला. "छू बे, छू! धर!" आवाज चढला, आणि पिल्लाला जुना खेळ आठवला. त्यानं उडी मारून हात धरला. गोणपाट झिजलेलं होतं, दात आरपार गेले आणि इंद्रभानच्या तोंडून आपसूक निघालं, "अगाई गं!"

ठेच्यानं हात सोडला.

तत्काळ सोडला. दोन पावलं मागं गेला, पोटावर बसला आणि कान पाडून त्याच्याकडे पाहू लागला. आजवर इंद्रभानच्या हातून गेलेल्या एकाही कुत्र्यानं धरलेलं सोडलं नव्हतं. काठी घालून जबडा उघडावा लागे, आणि त्याचंच तर कौतुक होतं. हे मात्र नुसत्या एका हाकेवर? त्याचा विश्वासच बसेना. म्हणून त्यानं पुन्हा हात पुढं केला. "छू!" ठेच्यानं धरलं. "अगाई!" ठेच्यानं सोडलं. काय झालं असेल ते असो, पण इंद्रभानला एकदम आनंदाचं भरतं आलं आणि तो ओरडला, "महामाया! अव माये, बाहीर ये, पाह्य!"

महामाया बाहेर आलेलीच होती. पहिल्या "छू"लाच आली होती. बाळ उराशी घट्ट धरून ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. फाटकात प्रसेनजित उभा होता, मागे त्याची गाडी. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात लेकीसाठी आणलेली लोकरीची टोपी. तो न्यायला आलाच नव्हता. फोन ऐकून, राहू द्या म्हणून सांगायला आला होता.

"अव माये, त्यानं सोडलं," इंद्रभान गडबडीनं हाताचं गोणपाट सोडू लागला. "म्या ओरडलो न त्यानं सोडलं! दोन डाव सोडलं!"

"ते शिकलं, बाबा," महामाया म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "तुमी काय शिकले?"

इंद्रभाननं जयमालाकडे पाहिलं. ती सूप हातात धरून उभी होती आणि आयुष्यात प्रथमच त्याची बाजू सावरायला पुढे आली नाही. प्रसेनजितनं पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला. "मामी, तिचं सामान भरा," एवढंच म्हणाला.

कुणी रडलं नाही, भांडलं नाही. लाडवांचा डबा गाडीत गेला, दुपटी गेली, शेकायची शेगडीसुद्धा गेली. इंद्रभान मध्ये मध्ये येऊन काहीतरी उचलू पाहत होता आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते त्याच्या हातातून हळूच काढून घेत होतं. गाडीत बसताना महामायेनं वाकून नमस्कार केला, पण बाळ त्याच्या हातात दिलं नाही. गाडी निघून गेली तरी तो दोन्ही हात किंचित पुढे करून तसाच उभा होता.

दुपार उतरली. जयमालानं वाटीत भाकरी भिजवली आणि इंद्रभानच्या हातात दिली.

"त्याची वेळ झाली. घाला," म्हणाली आणि आत गेली.

इंद्रभाननं वाटी खाली ठेवली नाही. का कोण जाणे, एकेक घास हातावर घेऊन ठेच्यापुढे धरू लागला. ठेचा खात होता. भुकेल्यासारखा झडप घालत नव्हता. जिभेनं उचलत होता, शेवटी त्यानं तळहात चाटून साफ केला. आपल्या हाताला दात लागला नाही, हे पाहून इंद्रभानला इतका धक्का बसला, की त्यानं हात उलटासुलटा करून पुन्हा पुन्हा पाहिला. मग त्याला हुंदका आवरेना. डोळे पुसून त्यानं फोन काढला आणि लेकीला लावला.

"माये, ठेच्यानं माह्या हातानं खाल्लं. दात नाही लागू देला. खरं सांगतो, त्याचं काहीच भेव नाही आता. परत ये व."

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. नात कुरकुरत होती.

"त्याचं भेव नव्हतंच, बाबा," महामाया म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.