सुगीचा रकाना

काय बांधायचं हे ऐकून घेण्याआधी अप्पा विचारत, "वापरायला कधी पाहिजे?" कुणी म्हणालं, अप्पा, आधी पायाचं तर बोलू, तर ते मान हलवत. "पाया आपोआप मागे येतो. आधी शेवटचा दिवस सांगा." मग त्या शेवटच्या दिवसापासून ते उलटे निघत. रंग, त्याआधी गिलावा, त्याआधी स्लॅब, असं करत करत पायाच्या खड्ड्याशी येऊन थांबत आणि म्हणत, "म्हणजे खणायला कालच सुरुवात करायला हवी होती."

बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून ते निवृत्त झाले होते. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही. सोलापुराबाहेर, कुंभारीच्या वाटेवर आमची मुलींची शाळा होती, सातवीपर्यंतची. मी तिथे शिकवत असे. आठवीचा वर्ग काढायला परवानगी मिळाली, पण अट अशी, की जूनपर्यंत नव्या खोल्या उभ्या राहिल्या पाहिजेत. संस्थेने ते काम अप्पांच्या हाती दिलं. त्यांनी मानधन घेतलं नाही. शिक्षकांच्या खोलीतली एक भिंत तेवढी मागून घेतली.

त्या भिंतीवर त्यांनी ड्रॉइंगचे कागद जोडून मोठा तक्ता लावला. वर आठवडे, खाली एकेक काम आणि प्रत्येक कामाची रंगीत पट्टी. पण कामाची एकही पट्टी ओढण्याआधी त्यांनी काम कधी होणार नाही ते लिहून टाकलं. गड्ड्याची जत्रा, वेळ अमावस्या, आणि सगळ्यांत रुंद रकाना सुगीचा. कारण ज्वारी काढणीला आली की सगळे बिगारी आपापल्या गावी जात. संस्थेचे अध्यक्ष तक्ता बघून हसले. "अप्पा, हे बांधकाम आहे की पंचांग?"

"पंचांगच आहे साहेब. वेळ अमावस्येला गवंडी शेतात आंबील पीत बसणार आणि तुम्ही इथं विटांकडे बघत बसणार. त्यापेक्षा तुम्हीही शेतात जा."

कामावर ते कधी आवाज चढवत नसत. संध्याकाळी सायकलवरून येत, भिंतीला हात लावून बघत, आणि कुणी मागे पडलेला दिसला तर म्हणत, "निधान री, सावकाश करा, पण थांबू नका." मला एकदा म्हणाले, "बाई, उशीर कधी फुकट नसतो. कुणीतरी तो भरतंच. ज्याचा उशीर तोच भरेल असं मात्र नाही." मी तेव्हा हे संस्थेच्या पैशांबद्दल आहे असं समजले.

कामावरचा मुख्य गवंडी यल्लप्पा वळसंगचा. त्याची महादेवी माझ्याच वर्गात, सातवीत होती. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय टाकत नसे. तिच्या पुढच्या शिक्षणाचं मी यल्लप्पाजवळ काढलं तेव्हा तो थापी चालवता चालवताच म्हणाला, "हितं आठवी निघाली तर घालतो की बाई. पर शहरात न्हाय धाडनार. न्हाय तर गावाकडं पावनं बघून ठेवल्यात."

अप्पा जवळच उभे होते. "जूनमध्ये आठवीची घंटा होणार, यल्लप्पा."

"मग पयली घंटा मीच देनार. तुमी नुसतं बगत ऱ्हावा."

ते बहात्तरचं साल होतं. पाऊस आलाच नाही. स्लॅब दिवाळीनंतर ठरला होता, पण सिमेंटचं परमिट लांबलं आणि तो सुगीच्या रकान्यावर येऊन अडला. अप्पा एक दिवस तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि एकदम वळून म्हणाले, "बाई, यंदा सुगीच नाही. ज्वारी करपली. माणसं मोकळी आहेत. हा सगळा रकाना आपलाच!" त्यांच्या चेहऱ्यावर, गणित सुटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येतो तसा आनंद होता. मलाही तो झाला. ज्या कारणाने माणसं मोकळी झाली, त्याच कारणाने शाळेची विहीर आटेल, हे आम्हां दोघांच्याही मनात आलं नाही. त्या विहिरीचा तळ तोवर कुणी पाहिला नव्हता.

स्लॅब घालून झाला. वर मातीचे वाफे करून पाणी कोंडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत विहिरीत कळशी बुडेना. स्लॅबला पाणी मिळालं नाही तर तो वाळतो, पण पिकत नाही, असं अप्पा म्हणत. ते ओळखीपाळखीने वणवण फिरले आणि एक टँकर मिळवून आणला.

टँकर फाटकातून आत आला, तशा मागच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन त्याच्या मागोमाग आल्या. कुणी भांडली नाही. नुसत्या रांगेने उभ्या राहिल्या. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, वर स्लॅबकडे पाहिलं, आणि टँकरवाल्याला म्हणाले, "तोटी सोड."

यल्लप्पा शिडीवरून धावत खाली आला. "अप्पा, असं करू नका. सिल्याब जाईल."

"गेला तर पुन्हा घालू."

"सिल्याब पुना घालाल हो. पोरगी कुटवर थांबंल?"

तोटी चालूच राहिली. एका म्हातारीची घागर जड झाली होती, ती यल्लप्पाने उचलून तिच्या डोक्यावर दिली.

पुढे स्लॅबला भेगा पडल्या. तपासायला आलेल्या इंजिनिअरने तो पास केला नाही. तोडणं, नवं परमिट, नव्याने देणग्या मागणं, यात वर्ष गेलं. भेगा पडल्या त्याच वैशाखात महादेवीचं लग्न झालं. मी गेले होते. अप्पा आले नाहीत.

पुढच्या वर्षी जूनमध्ये आठवीचा वर्ग उघडला. समारंभात अध्यक्षांनी अप्पांचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, पण ते तिथे नव्हते. तब्येत बरी नसेल असं आम्ही धरून चाललो. मीही कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी अप्पा गेले. त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा ओट्यावर कडेवर मूल घेतलेली महादेवी बसली होती. सासरहून एकटीच आली होती.

"बाई, तुमची आठवी उघडली त्या दिवशी अप्पा आमच्या घरी आले होते," ती म्हणाली. "सासऱ्यांना म्हणाले, पोरगी माझ्या घरी राहील, नातीसारखी. तिला शिकू द्या."

"मग?"

"मामंजी लई आदरानं बोलले. आता कुटं जमतंय म्हणाले. जेवूनच जावा म्हणाले."

"आणि तू?"

"मी आत चुलीपुढं. मला कोण विचारतंय? चहा तेवढा मी केला होता." तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "अप्पांनी सगळा चहा पिला. आतल्या दाराकडं बघून म्हणाले, चहा चांगला झालाय हं. आन् गेले."