हाडे नसलेले मर्तिक

नोकरीतल्या कितीतरी भानगडी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, हेही धड सांगता येत नाही. धसईकडच्या त्या मुलीचे प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते, आणि ज्या दिवशी आठवते त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

दुसरी लढाई नुकतीच संपली होती. मी मुरबाडला फौजदार होतो. त्याआधी शहापूरला होतो. तिथे निदान आगगाडीची शिट्टी कानावर यायची, जग कुठेतरी चालू आहे असे वाटायचे. मुरबाडला दिवेलागण झाली की सगळी सामसूम. माझे लग्न झालेले नव्हते. जमादार आणि शिपाई आपापल्या घरी गेले की बोलायला ठाण्याचा घोडा तेवढा उरे. घोडा बरा होता, उलट उत्तर देत नसे.

खबर दिली ती एका कासाराने. तो धसईचा बाजार करून आसपासच्या गावांत घरोघर बांगड्या भरत फिरायचा. जमादाराच्या बायकोला बांगड्या भरता भरता तो बोलून गेला, आणि जमादाराने त्याला तसाच माझ्यापुढे आणून उभा केला.

"साहेब, एका घरी थोरल्या मुलीच्या मापाच्या बांगड्या काढल्या," तो म्हणाला, "तर आई म्हणाली, ठेव त्या, थोरली मेली. कशानं मेली विचारलं, तर घरातली सगळी उठून आत गेली. शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, जाळली. एवढंच म्हणाला नि बैल सोडायला गेला."

खबर देणाऱ्याला बहुधा स्वतःचे काहीतरी साधायचे असते, हा माझा अनुभव. या कासाराला काहीच नको होते. तो नुसता घाबरला होता, म्हणून मी ती खबर मनावर घेतली. स्टेशन डायरीला नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी गाव गाठले.

कुणबी वस्तीचे गाव, डोंगराच्या अंगाला, भाताची खाचरे आणि वर नाचणीचा माळ. पोलीस पाटलाला विचारले, मर्तिकाची वर्दी का दिली नाहीस? तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. गावात आजार नव्हता, अपघात नव्हता, मुलीला शेवटची कधी पाहिली ते कोणी सांगेना. एवढे मोठे गाव, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. माझी खात्री झाली की मुलीचा घात झाला आहे आणि सगळ्या गावाला ते ठाऊक आहे.

बापाला ठाण्यात आणले. पन्नाशीचा, काटक माणूस. चौकशी सुरू करायला मी दम देण्याच्या तयारीतच होतो, पण त्याची गरजच पडली नाही.

"मुलगी कुठे आहे तुझी?"

"मेली, सायेब."

"कोणी मारली?"

"मारली कोनी नाय. जाळली. मीच जाळली."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. शिवाय तो फार सहज बोलत होता. खून केलेला माणूस एक तर रडतो, नाहीतर खोटे बोलतो. हा दोन्ही करीत नव्हता. मी पुरावा गोळा करायच्या हिशेबाने पुढचा प्रश्न विचारला.

"हाडे कुठे टाकलीस?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "हाडं कुठली, सायेब? पिठाची बाहुली ती. वर पळसाची पानं. तिला हाडं कशी असतील?"

तिथे सगळी गाठ सुटली. मुलगी मामाकडे कल्याणला राहायला गेली होती. लढाईच्या दिवसांत तिथल्या लष्करी छावणीच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. दवाखान्यातल्या एका गोऱ्या शिपायाशी तिचे जुळले आणि तिने लग्न करायचे ठरवले. गावात कळले तेव्हा जातीची बैठक बसली. बापापुढे दोन वाटा ठेवल्या: मुलीच्या नावाने आंघोळ कर, नाहीतर घर वाळीत. धाकटीची सोयरीक ठरलेली होती. बापाने पिठाची मुलगी केली, सरणावर ठेवली, आणि सगळ्या गावाने ओढ्यावर आंघोळ केली. मेलेल्या माणसाचे नाव पुन्हा घ्यायचे नाही, तोंड पाहायचे नाही, तिच्याशी बोलायचे नाही.

हसू येण्यासारखी गोष्ट होती. माझ्या जमादाराला आलेही. मला आले नाही, कारण नुसत्या बापाच्या तोंडच्या गोष्टीवर चौकशी बंद करता येत नव्हती. मुलगी जिवंत असेल तर ती डोळ्यांनी पाहायला हवी होती.

मी कल्याणला गेलो. मुलगी सापडली. सावळी, ठेंगणी, डोळ्यांत धीट. लग्न छावणीतल्या पाद्र्याने लावले होते. गळ्यातली काळी पोत मात्र तिने स्वतः बाजारातून आणून स्वतःच घातली होती. मी फौजदार आहे कळल्यावर ती म्हणाली, "बरं झालं आलात. मीच येनार होते तुमच्याकडं."

तिची अडचण माझ्याहून मोठी होती. नवऱ्याची पलटण परत चालली होती. बायकोला विलायतेला न्यायचे तर पासपोर्ट हवा, आणि त्यासाठी तिच्या मूळ गावच्या पोलिसांनी कळवायला हवे की ही अमुक बापाची मुलगी, हिचे आधी लग्न झालेले नाही. घरच्या माणसाने ओळख दिल्याशिवाय ते मला कळवता येत नव्हते. मामाने जातीच्या धाकाने कानांवर हात ठेवले होते. गावात तिला न ओळखणारे कोणी नव्हते, आणि ओळखतो म्हणायला कोणी तयार नव्हते. ओळख मिळाली नाही तर जहाज जाईल, नवरा जाईल, ही इथे राहील. आणि तिकडे बापाच्या डोक्यावर खुनाचा संशय तसाच राहील.

"भीती नाही वाटत इतक्या लांब जायची?" मी विचारले.

"वाटते ना. त्याच्या गावात बारा महिने थंडी, म्हनतो. बोलायला मानूस नाय. पन साहेब, हितं तरी माझ्याशी कोन बोलतं?"

मी दोन्ही बाजूंना मुरबाडच्या ठाण्यात बोलावले. आईबाप आले, बरोबर गावचा एक म्हातारा पंच आला, जातीने धाडलेला. मुलगी आणि तिचा नवरा छावणीच्या गाडीतून आले. नवरा उंच, नाकावर ऊन लागून लाल झालेला पोरगेला माणूस. त्याला कोणी बस म्हटले नाही, तेव्हा तो आपला टोपी हातात घेऊन चिंचेखाली उभा राहिला.

मुलगी आत आली तसा बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"ही तुझी मुलगी आहे का?" मी विचारले.

"माझी पोर मेली, सायेब."

"अरे, खुनाच्या संशयात अडकशील. मागे वळून एकदा बघ."

"अडकवा. धाकटीचं लगीन होऊ द्या फकस्त."

मुलगी म्हणाली, "बाबा." तो हलला नाही. माझ्या कितीतरी चौकशांमध्ये माणसे किंचाळली आहेत, पाया पडली आहेत. पण भिंतीकडे वळलेल्या त्या तोंडासारखे काही मला कधी जड गेले नाही. आता या मुलीचे काही होत नाही, असे मी मनाशी म्हणालो आणि ओळख पटली नाही असे लिहायला दौत पुढे ओढली.

इतका वेळ आई कोपऱ्यात डोक्यावरून पदर ओढून बसली होती. ती उठली. पदराखालून तिने खण काढला, नारळ काढला, ओंजळभर तांदूळ काढले. मुलीपुढे जाऊन उभी राहिली. मुलीने काही न कळून पदर पसरला, आणि आई ओटी भरू लागली.

म्हातारा पंच उठला. "हे काय करतंस गो? मेलेल्या मानसाला शिवतंस?"

आई मुलीकडे न बघता म्हणाली, "आपल्यात सवाशीन मेली तर ओटी भरल्याशिवाय उचलतात का? पिठाची जाळली तवा हिचं लगीन झालंय हे मला ठावं नव्हतं. मढ्याची ओटी रायली होती. ती भरते."

रीत म्हाताऱ्याचीच होती, तिच्यात खोट काढायला त्याला जागा सापडेना. शेवटी तो खाली बसला.

मी आईला विचारले, "बाई, कोणाची ओटी भरलीत?"

"माझ्या थोरल्या पोरीची."

"तिचे आधी लग्न झाले होते?"

"नाय. कुवारीच होती."

लेखनिकाला म्हटले, लिही. आईचा अंगठा घेतला. मुलीच्या पासपोर्टाला आणि बापाच्या सुटकेला लागत होते ते सगळे तेवढ्यात आले. आईने मुलीच्या गालावरून हात फिरवला नाही. मुलगी तिच्या पाया पडली, ओटी पोटाशी धरून बाहेर गेली आणि गाडीत बसली. आई म्हाताऱ्याबरोबर गावच्या वाटेला लागली.

बाप मागे राहिला. भिंतीकडून वळला तेव्हा गाडीची धूळही खाली बसली होती.

"सायेब, मी सुटलो का?"

"सुटलास. जा घरी."

"हितंच जरा बसू का? गावात मला रडता येत नाय. तिचं मर्तिक होऊन गेलं ना."

तो ठाण्याच्या ओसरीवर बसला आणि पोटभर रडला. मी शिपायांना बाहेर पाठवले आणि त्याच्याजवळ बसून राहिलो. मला कुठे जायचे नव्हते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. कळवायला तिला इथे कोणी उरले नव्हते, आणि मी तिचा कोण? पण एक सवय मला त्या दिवसापासून लागली. मर्तिकाच्या चौकशीला गेलो की न रडणाऱ्या माणसावर आम्ही आधी संशय घेतो. मीही घेत असे. नंतर मी त्याला बाजूला बोलावून पाणी द्यायचो, दार लोटून घ्यायचो आणि काही न विचारता थोडा वेळ थांबायचो. बहुतेक जण रडायचे.