हात शालीच्या आत

बारकीला नोकरी लागली तेव्हा घरात आनंदापेक्षा गोंधळच जास्त झाला. सोशल मीडिया मार्केटिंग म्हणजे नेमकं काय, हे आईला समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले. शेवटी आत्याने मशीनवरून मान वर न करताच निकाल दिला, "अगं, दुकानाबाहेर उभं राहून गिऱ्हाईक बोलावतात ना, तेच. फक्त ही बसून बोलावणार." घरात आत्याचा शब्द शेवटचा असे. विषय संपला.

वडील बारकी लहान असतानाच गेले. आई दवाखान्याच्या धुलाईघरात पाळीने जायची, त्यामुळे बारकीला वाढवलं ते वडिलांच्या या थोरल्या बहिणीने, शिवणाच्या मशीनशेजारी बसवून. बारकी घराबाहेर पडताना आत्या तिची कॉलर सरळ करणार, हे ठरलेलं. कॉलर सरळ असली तरी करणार. "शिवणारीच्या घरची पोर आणि कॉलर वाकडी? लोक मला नावं ठेवतील," हे वाक्य बारकीला तोंडपाठ होतं.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून रबराचा वास यायचा आणि हवा भरायच्या पंपाचा धडधडाट. मालकाला सगळे साहेब म्हणत, बाकीचे थट्टेने आणि तो स्वतः मनापासून. दिवसभर स्लिपर घालून फिरणारा, पण गिऱ्हाईक जिना चढताना दिसलं की धावत जाऊन बूट चढवणारा. नोकरी कच्ची होती. "काम दिसलं की पक्की करू," साहेब म्हणाला आणि तिच्या हाती ऑफिसचा फोन आणि एक वृद्धाश्रम देऊन मोकळा झाला.

"वृद्धाश्रम म्हणायचं नाही," हा पहिला धडा. "ज्येष्ठांचं घर म्हणायचं. आणि पेजवर घाण दिसता कामा नये."

घाण म्हणजे लोकांच्या वाईट कमेंट. त्या पुसायच्या नाहीत. पुसलं की माणूस चिडतो, पुन्हा लिहितो, ओळखीच्यांना गोळा करतो. भांडत बसायचं नाही. "तो तर हात दाखवून अवलक्षण," साहेब म्हणाला. कमेंट फक्त लपवायची. लपवली की ती बाकी जगाला दिसत नाही, पण लिहिणाऱ्याला मात्र स्वतःच्या फोनवर जशीच्या तशी दिसत राहते. त्याला वाटतं आपण बोललो, जगाने ऐकलं. बारकीला ही युक्ती भारी वाटली. घरी येऊन तिने आत्याला सांगितलीसुद्धा. आत्या दातात दोरा धरून म्हणाली, "म्हणजे बोलणाऱ्याला भिंतीसमोर उभं करायचं, आणि सांगायचं नाही की भिंत आहे." बारकी हसली.

त्याखाली टाकायचं गोड उत्तर बारकीने स्वतः रचलं. 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपण आमच्या कुटुंबातलेच आहात. कृपया आम्हाला मेसेज करा.' पुढे जोडलेले हात. साहेबाला ते इतकं आवडलं की त्याने ते सगळ्या पेजसाठी कायमचं करून टाकलं. बारकीच्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते.

व्हिडिओ काढायलाही तीच जायची. आश्रमाची संचालकबाई हळू आवाजात बोलणारी, पदर नीट घेणारी. ती म्हाताऱ्यांना अंगणात उन्हात ओळीने बसवी, प्रत्येकाला धुतलेली शाल पांघरवी. "हात शालीच्या आत असू देत हं. शिरा, डाग दिसतात, बघणाऱ्याला कसंसंच होतं." बारकीला वाटलं, काय बाईची नजर आहे! मग तीही तेच म्हणू लागली. कॅमेरा लावला की पहिलं वाक्य, "हात आत घ्या, फ्रेममध्ये येतायत." म्हातारी माणसं मुकाट्याने हात आत घ्यायची.

पेजवर एकच माणूस चिवट होता. फोटोच्या जागी जुनी स्कूटर असलेला, म्हणून ऑफिसात त्याचं नाव स्कूटरवाला. प्रत्येक पोस्टखाली यायचा. 'माझ्या वडिलांच्या मनगटांवर दोरीचे वळ होते. विचारलं तर आश्रमवाले म्हणाले, पडतात म्हणून बांधतो.' बारकी लपवायची. 'वडील गेले. बाकीच्यांनी तरी आपली माणसं सोडवून न्या.' बारकी लपवायची आणि खाली जोडलेले हात टाकायची. एकदा त्याने लिहिलं, 'इतके लोक रोज हे वाचतात, आणि एकालाही काही वाटत नाही?' तेव्हा मात्र तिचं बोट थांबलं. कुणीच वाचत नव्हतं. वाचणारी ती एकटीच. तिने साहेबाला दाखवलं. "प्रत्येक पेजला असा एक असतोच," साहेब म्हणाला, "दारू पीत असेल." तिला ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं, आणि लवकरच नोकरी पक्की व्हायची होती.

त्याच सुमारास आत्या न्हाणीत पडली. हाड जुळलं, पण पाय उचलेना, आणि त्यातून डोकंही अधूनमधून भरकटायला लागलं. बारकीला ती भावाच्या नावाने हाक मारी. आईची पाळी, बारकीचं ऑफिस, घरात दिवसभर कुणी नाही. आईने फोन काढला आणि बारकीचं ते आश्रमाचं पेज वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.

"अगं, एक वाकडा शब्द नाही कुणाचा! हल्ली लोक देवालाही सोडत नाहीत, पण इथं बघ." आईचा आवाज हलका झाला होता, कितीतरी दिवसांनी. "आणि हे तूच टाकतेस ना सगळं? मग खोटं कसं असेल? कसं आहे गं तिथं?"

बारकीला स्कूटर आठवली. सांगायचं तर आजच, आत्ताच, हे तिला कळत होतं. सांगितलं तर आई विचारणार, मग तू तिथं काम कशी करतेस? आणि घरात आत्याला सांभाळणार कोण? ती म्हणाली, "चांगलं आहे."

या दोन शब्दांवर आत्या आश्रमात गेली. निघताना तिने बारकीची कॉलर सरळ केली.

आश्रमाचा नियम होता, पहिले काही आठवडे भेटायला यायचं नाही. नवं माणूस रुळायला वेळ लागतो. ही पोस्टही बारकीनेच लिहिली होती, 'भेटीची घाई प्रेमापोटी असली, तरी ती त्यांना अस्वस्थ करते.' लोकांनी खाली बदाम टाकले होते. आता आई तीच पोस्ट पुन्हा पुन्हा वाचून मन आवरायची. बारकी फोन करायची, संचालकबाई हळू आवाजात म्हणायची, "छान रमल्यात."

नोकरी पक्की झाली. मग एके दिवशी नव्या व्हिडिओसाठी बारकी आश्रमात गेली, आणि अंगणातल्या ओळीत मधोमध आत्या होती. वाळून अर्धी झालेली. निळी शाल, केस चापूनचोपून बसवलेले. समोर कॅमेऱ्यामागे कोण आहे हे तिला पटकन कळेना. मग कळलं. चेहरा उजळला, शाल सरकली आणि दोन्ही हात बारकीच्या कॉलरकडे आले.

मनगटांभोवती काळपट वळ होते. एका ठिकाणी कातडी सोलवटून वर खपली धरली होती.

बारकीने ते बघितलं. आणि बघता बघता तिच्या तोंडून शब्द आले, रोजच्यासारखे, रोजच्या आवाजात, "आत्या, हात आत घे, फ्रेममध्ये येतायत."

आत्याने हात आत घेतले. लगेच घेतले. मग कॅमेऱ्याकडे बघून शिकवलेलं वाक्य म्हणाली, "इथं मला काही कमी नाही." कुठेही न अडखळता.

व्हिडिओ संपला. त्यानंतर काय काय झालं ते तिला नीट आठवत नाही. संचालकबाई म्हणत होती, "रात्री उठून पडतात हो, त्यांच्याच भल्यासाठी करतो," आणि बारकी आत्याला उचलून रिक्षाकडे नेत होती, एवढं आठवतं. आत्याचं वजन काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसचा फोन साहेबाच्या टेबलावर ठेवला. स्कूटरवाल्याचं सगळं पुन्हा उघड कर, नाहीतर मी चालले, असं म्हणाली. साहेब म्हणाला, "दार उघडंच आहे." संध्याकाळपर्यंत तिच्या खुर्चीत नवी मुलगी बसली होती, असं कळलं.

घरी येऊन बारकीने स्वतःच्या फोनवरून पेज उघडलं आणि लिहिलं. सगळं लिहिलं, मनगटांसकट, स्वतःच्या नावानिशी. कमेंट दिसली. जराशाने खाली उत्तर आलं. 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपण आमच्या कुटुंबातलेच आहात.' पुढे जोडलेले हात.

"आई, तुझ्या फोनवर बघ गं. माझं लिहिलेलं दिसतंय का?"

आईने चष्मा लावला, बोट खालीवर फिरवलं. "नाही गं. इथं तर आत्याचाच व्हिडिओ आहे. केवढ्या लोकांनी बघितलाय! सगळे लिहितायत, किती समाधानी चेहरा." आणि काय होतंय ते कळायच्या आत तिचं बोट लागून व्हिडिओ सुरू झाला.

'आत्या, हात आत घे,' हे अर्थातच कुणीतरी कापून टाकलं होतं. नुसतं आत्याचं वाक्य राहिलं होतं. "इथं मला काही कमी नाही."

कोपऱ्यातल्या कॉटवर आत्या पडली होती. स्वतःचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले, फोनकडे बघितलं, आणि कुणी काही सांगायच्या आत दोन्ही हात पांघरुणात घेतले.