लंबूकाकाचा माळा

...तर काल गोष्ट जिन्यापाशी अडकली होती, आणि खरं सांगायचं तर लंबूकाकाही तिथेच अडकला होता. बंदरावरचा हा जाळी विणणारा सहा फुटांहून उंच, अन् तसाच धिप्पाड. एका सकाळी माळ्यावर काम करायला चढला तो आपल्या पायांनी, आणि पाय गेले ते वरच. जिना असा, की उंदरानंही अंग चोरून जावं. त्यात मधेच वळण. चौघांनी काकाला उतरवायचा घाट घातला, तर वळणावर पाचही जण बाटलीच्या बुचासारखे गच्च बसले. जिना रुंद करावा म्हटलं, तर दारावर पाटी: तीनशे वर्षांची वास्तू, विटेलाही हात लावू नये. काकूनं जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या कचेरीत तीनदा अर्ज दिले. साहेबांचं एकच, "बघू."

तीन वर्षं गेली. काका वर बसून जाळी सांधायचा. जाळी यायची, जायची, काका तिथेच. समोर कौलं दिसायची, समुद्र नुसता ऐकू यायचा. एकदा पाण्यात पाय बुडवावेत, एवढंच त्याचं मागणं.

"मेल्यावर तरी कसं उतरवणार गं मला?" तो हसत विचारायचा, आणि काकू चहाचा कप आदळून खाली जायची.

जुनं गाव बघायला येणारी माणसं मात्र त्या जिन्यावर लट्टू. काय फोटो, काय कौतुक! परवा त्यांतल्याच एका बाईनं विचारलं, "एवढी मोठी जाळी या जिन्यातून वर नेता कशी?"

"जिन्यातून कशाला? माळ्याच्या त्या रस्त्याकडच्या दारातून. कप्पीवर दोर टाकून ओढतो की!" काकू बोलून गेली, आणि कप्पीकडे बघतच राहिली. तीन वर्षं रोज डोळ्यांपुढे, अन् कुणाच्या डोक्यात म्हणून आलं नाही!

दुसऱ्याच दिवशी काकूचा नावाडी भाऊ आला. खुर्चीला दोर आवळत म्हणाला, "दाजी, भीती वाटली तर डोळे मिटा."

"तीन वर्षं कौलं बघितली रे, आता कसले मिटतो!"

खाली ही गर्दी जमली. खुर्ची निम्म्यावर लोंबकळतेय, तोवर कोपऱ्यावरच्या कचेरीतून साहेब धावत आले. "थांबा! कुणाला विचारून हे? या वास्तूतली एकही गोष्ट जागची हलवायची नाही, कितीदा सांगितलं?"

काकानं अधांतरीच हात जोडले. "साहेब, पाय तेवढे भिजवून येतो. अंधार पडायच्या आत होतो तिथे नेऊन ठेवतील मला."