दारापासून अकरा पावलांवर

रविवार, ११ जानेवारी. सोलापूर. आज गाडी रिकामी करायची आहे. बुधवारी एक जोडपं ती विकत घ्यायच्या विचारानं बघायला येणार आहे, आणि त्यांना माझ्या आईचे डबे दिसू नयेत असं मला वाटतं.

गाडी म्हणजे कॅम्परव्हॅन. माझ्या नवऱ्याचं, मल्लिनाथचं, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळेची जुनी मिनीबस घेऊन त्यानं आमच्या दोघांच्या भटकंतीसाठी तिच्यात पलंग, छोटा ओटा आणि कपाटं बसवली. भटकंती एकदाच झाली, गणपतीपुळ्यापर्यंत. त्यानंतर मागच्या वर्षी याच महिन्यात ती निर्ण्याला गेली, माझ्या आईला आणायला.

आईला मी अव्वा म्हणायची. निर्णा कर्नाटकातलं, हुमनाबादकडचं, तिकडं एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात. माझे वडील, अप्पा, जाऊन नऊ वर्षं झाली होती. मला भाऊ नाही. शेत चुलतभाऊ करायचा आणि घरात अव्वा एकटी. तिला आणण्याआधीच्या दिवाळीत ती न्हाणीत पडली. दोन तास तशीच पडून होती, समोरच्या रजिया चाचींनी दाराची कडी तोडून तिला बाहेर काढलं. आता काहीतरी करणं भाग होतं. पण आमच्यात आई-बाप लेकीच्या घरी राहत नाहीत. अव्वा सोलापूरला यायची, दुपारी जेवायची आणि पाचच्या बसनं परत जायची. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात तिनं माझ्याकडं एक रात्र काढली नव्हती.

मी यावर तोडगा काढला. गाडी आमच्या अंगणात उभी करायची आणि अव्वानं गाडीत राहायचं.

“गाडी कुणाच्या नावावर हाय?” तिनं फोनवर विचारलं.

“जावयाच्या.”

“मग जावयाचंच घर झालं की.”

“चाकं असत्यात त्याला घर म्हणत्यात का, अव्वा?”

मग म्हणाली, “चाकं हायत म्हंजे परत जाता येतंय. येळवस होऊ दे, मग येते.”

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. ती झाली, आणि आम्ही निघालो.

निर्ण्यात सामान भरायला मला एक पूर्ण दिवस लागला. लहान जागेत सामान लावायचे नियम असतात आणि मी ते पाळते. जड वस्तू खाली आणि मधोमध. रोज लागणारं गुडघा ते छाती या उंचीत. अव्वा चार फूट आठ इंच, म्हणून तिची छाती धरून मी फळ्या खाली घेतल्या होत्या. डबे चौकोनी, कारण गोल डबा जागा खातो. प्रत्येक ड्रॉवरला खटका, नाहीतर पहिल्या वळणाला सगळं जमिनीवर. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगांची आणि कारळाची चटणी यांना मी चौकोनी डबे आणले होते. देवाला किती जागा ठेवावी याचा विचार केला होता, ती लागलीच नाही. आम्ही लिंगायत, आमचा देव गळ्यात असतो. सकाळी तळहातावर घ्यायचा, पूजा झाली की परत गळ्यात.

अडली ती काटवट. भाकरीचं पीठ मळायची पितळी परात, दीड हात रुंद. कुठल्याच कपाटात जाईना.

“स्टीलची छोटी घे,” मी म्हटलं.

“तू आपली छोटीत मळ. मला कामून सांगायलीस?”

रजिया चाची दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. “सुवर्णा, आईला न्यायलीस का भांड्याचं दुकान मांडायलीस?” शेवटी काटवट पलंगामागं उभी घातली.

मी निर्णा सोडलं तेव्हा माझी ट्रंक अव्वानं भरली होती. तिला कुठलेही नियम माहीत नव्हते, दहा मिनिटांत ट्रंक बंद. “लागंल तेवढंच ने. बाकीचं हितंच हाय की.” मी बावीस वर्षांची होते आणि जीपमध्ये बसून सोलापूरच्या घरात फ्रीज असेल का याचा विचार करत होते. मागं वळून पाहिल्याचं मला आठवत नाही. अव्वानंही मागच्या जानेवारीत वळून पाहिलं नाही. किल्ली चाचींच्या हातात दिली, पुढच्या सीटवर बसली. हुमनाबादला म्हणाली, “काटवट वाजायलीय.” मी गाडी थांबवायला लावली, परातीमागं टॉवेल कोंबला आणि आम्ही पुढं निघालो.

गाडी आमच्या दारापासून अकरा पावलांवर उभी राहिली. एवढं नेमकं माहीत आहे, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीत वीज न्यायला वायर मीच मोजून आणली. अंगणात बाथरूम होतंच. इंडक्शनला ती “इजंची चूल” म्हणायची आणि दोन दिवसांत तिच्यावर भाकरी फुगवायला शिकली. बघता बघता असं झालं की आम्हीच तिच्याकडं जेवायला जायला लागलो. ती पलंगावर, मल्लिनाथ पायरीवर, मी ओट्याला टेकून. सोसायटीतल्या बायका गाडी बघायला यायच्या. मी ड्रॉवर उघडून दाखवायची, खटके कसे बसतात ते दाखवायची. मला फार कौतुक वाटायचं माझं.

दर रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून मल्लिनाथ दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा. अव्वा आधीच वेणी घालून, पदर खोचून पुढच्या सीटवर बसलेली असायची. इंजिन बंद झालं की विचारायची, “चालू हाय न्हवं?”

“एकदम चालू, अव्वा,” मल्लिनाथ म्हणायचा.

“मग बरं हाय.” आणि उतरून भाकरीला लागायची.

पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की तिला झोप लागायची नाही. मी छताला आतून फोम लावून घेतला. थंडी सुरू झाली तेव्हा खिडक्यांना जाड पडदे शिवले. प्रत्येक अडचणीवर माझ्याकडं उपाय होता.

नोव्हेंबरच्या शेवटी तिला ताप आला, छातीत कफ झाला. दवाखान्यात तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी ती गेली. निर्ण्याला आम्ही तिला अँब्युलन्सनं नेलं. गाडी अंगणातच राहिली. आमच्या शेतात अप्पांच्या शेजारी, आमच्या रीतीप्रमाणे बसवून, तळहातावर देव ठेवून तिला माती दिली.

लोक पांगल्यावर बांधावर रजिया चाची माझ्याजवळ येऊन बसल्या. अव्वा त्यांना रोज फोन करायची, हे मला माहीत होतं.

“लई हसवायची गं मला,” त्या म्हणाल्या. “म्हणायची, रजिया, पोरगी माझी लई हुशार. ‘आत ये’ म्हणायला लागू नये म्हणून अख्खी गाडीच बांधून दिली बघ.”

“असं म्हणायची?”

“हसून म्हणायची, बेटा. दिल पे मत ले.”

चाचींचा काही दोष नाही. त्यांनी हसवायलाच सांगितलं होतं.

मी अव्वाला ‘आत राहतेस का’ असं कधीच विचारलं नव्हतं. पडल्यावर नाही, आणल्यावर नाही, पत्र्यावर पाऊस वाजत होता तेव्हाही नाही. मला वाटायचं, उत्तर मला माहीत आहे. ती नाहीच म्हणाली असती, बहुतेक. पण ते तिला म्हणू द्यायला हवं होतं. दहादा नाही म्हणाली असती तर अकराव्यांदा विचारायला हवं होतं. मी त्याऐवजी खटके बसवत राहिले.

हे निर्ण्यात वाचतील ते म्हणतील, रीत ती रीत, तू काय करणार. गाव सोडून पुण्या-बंगळूरला गेलेले म्हणतील, असल्या रीती कोण पाळतंय आता. दोघांनाही सांगते, रीत अव्वानं पाळली का मी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज दुपारपर्यंत गाडी रिकामी झाली. डाळी-पीठ वर्कशॉपमधल्या बायकांना दिलं. साड्या नऊ. पलंगाखालचे दोन मोठे ड्रॉवर मी तिच्या कपड्यांसाठी केले होते, ते तिनं वापरलेच नव्हते. सगळं अजून त्या निर्ण्याच्या पिशवीतच, वर गाठ मारलेली. अव्वा रोज कशी काढायची कोण जाणे, मला काटवट बाहेर काढायला पलंगाची फळी उचकटावी लागली.

संध्याकाळी पुण्याहून श्रुतीचा, माझ्या मुलीचा फोन आला. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मीही तिच्याकडं सकाळच्या गाडीनं जाते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. कारण म्हणून वर्कशॉप असतं, मल्लिनाथचं जेवण असतं. रीत वगैरे मी मानत नाही असं मी सगळ्यांना सांगते. ती ‘राहा’ म्हणायच्या आत माझी पर्स खांद्यावर असते, म्हणून आता ती म्हणतही नाही.

लोक म्हणतात, आपल्या घरात ‘ये’ म्हणायला लागत नाही. मला ते पटत नाही. म्हणावं लागतं, मोठ्यानं, आणि समोरच्यानं ऐकून घ्यावं लागतं. निर्ण्याला मला तसं म्हणणारं आता कुणी नाही.

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी साडेसहाला मी श्रुतीला फोन केला.

“आज येतेय. राहायला.”

“बाबांशी भांडलीस?”

“नाही.”

“मग बरं नाहीये का तुला?”

“बरी आहे. राहायला येतेय, एवढंच.”

“ये ना,” ती म्हणाली. “आई, ये.”

मी बॅग भरायला घेतली. जावयाच्या घरात रात्री गाऊन घालावा की साडीतच झोपावं, हे मला कळेना. शेवटी दोन्ही घेतलं आणि रिक्षा बोलावली.